काथवटीतलं गाव

मित्रांनो, जरा पुढं सरकून बसा. मी एक जुनी काथवट आहे. परात म्हणू नका, मला राग येतो. परात ठोकून पातळ करतात, मला एका सबंध आंब्याच्या बुंध्यातून कोरून काढलंय. माझ्यात भाकरीचं पीठ मळतात. पीठच मळायचं माझ्या नशिबात होतं, पण मध्येच मी शाळेत गेले. ती हकिकत सांगते.

माझा जन्म इथलाच, हुणसेवाडीचा. कल्याणीपासून दीड कोसावर हे गाव. तेव्हा आपल्या भागात निजामाचं राज्य होतं, मोगलाई म्हणायचे. हरिबा सुताराने वाकस आणि पटाशी घेऊन मला आठ दिवस तासलं. माझ्याआधी त्याने दोन काथवटी केल्या होत्या आणि नागूबाईने त्या दोन्ही परत पाठवल्या होत्या. पहिली बघून ती म्हणाली, "हिच्यात पीठ मळू का कुंकू कालवू?" दुसरी बघून काही बोललीच नाही, नुसती आत निघून गेली. हरिबा सांगायचा, ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. तिसरी मी. दोन हात लांब, दीड हात रुंद. नागूबाईने मला उलटं केलं, सुलटं केलं, बोटाने ठोकलं आणि म्हणाली, "बरी हाय." तिच्या तोंडून 'बरी' निघालं म्हणून हरिबाच्या घरी त्या दिवशी गोड केलं होतं.

अकरा माणसांच्या भाकरी मी आणि नागूबाई मिळून करायचो. तिला एक अक्षर येत नव्हतं, पण कुणाच्या घरात कोणती डाळ शिजतेय ते ती वासावर सांगायची. तिच्या जिभेला सगळं गाव भ्यायचं. इतकी वर्षं तिच्या हाताखाली काढली, तेव्हा माझंही बोलणं तिखट झालं असेल तर सांभाळून घ्या.

आता शाळेचं. जगदेवप्पांचा तुरीचा कोठा रिकामा होता, त्यात गावाने शाळा घातली होती. विरुपाक्ष मास्तर गुलबर्ग्याहून येऊन राहिले होते. माणूस काडीसारखा, पण पोरांवर जीव फार. नागूबाईची नात शिवगंगा नऊ वर्षांची. तीही शाळेत जायची. घरात पायात पायात येते म्हणून आजीने धाडली होती. वाचायला येऊ लागली तेव्हा आजी शेजारणींना सांगत सुटली, पण पोरीला एका शब्दाने शाबासकी दिली नाही.

गावाने चालवलेल्या शाळेला सरकारची मंजुरी लागायची. शाळा तपासणाऱ्या मोठ्या साहेबांना मोहतमीम म्हणत. ते एकदा आले. पोरांनी पृथ्वी गोल आहे म्हणून दाखवलं, संस्थानातले सोळा जिल्हे एका दमात म्हणून दाखवले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, तुमच्या गावचा ओढा गावाच्या कोणत्या अंगाला आहे? पोरं रोज त्या ओढ्यात डुंबतात. पण एकालाही सांगता आलं नाही. साहेब रागावले नाहीत. मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले, एक वर्षाची मंजुरी देतो. पुढच्या वर्षीही नुसती पोपटपंची ऐकवलीत तर शाळा बंद, पोरांनी कल्याणीला जावं.

दीड कोस जाणं, दीड कोस येणं. पोरगे कदाचित गेले असते. पोरी गेल्या नसत्या. शिवगंगाने त्या रात्री भाकरीला हात लावला नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मास्तरांनी विचार करून ठरवलं, की पोरांच्या हातूनच सगळं गाव मातीचं करून घ्यायचं. मोजून, विचारून, जिथल्या तिथं. पण करायचं कशात? पाट लहान पडला. फळीवरून माती घसरली. तेव्हा शिवगंगा म्हणाली, "आमच्या आजीची काथवट हाय की."

मास्तर मागायला आले. नागूबाईने त्यांना ताक दिलं आणि मग सोलून काढलं. माती कालवायला भांडं मागतात, उद्या शेण वाळवायला देव्हारा मागतील, असं बरंच काही म्हणाली. शेवटी नातीच्या तोंडाकडे बघितलं आणि मला पुढं सरकवलं. अट एकच. "येळवशीच्या आदल्या दिवशी काथवट माझ्या चुलीपुढं पायजे. मग साहेब येवो न्हाईतर साहेबाचा साहेब."

येळवस हा आमच्या भागातला मोठा सण. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं. शेतात कडब्याची छोटी खोप करतात, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडतात. तेच पांडव. त्यांची पूजा करायची, ज्वारीच्या पिठाचे वाफवलेले उंडे आणि डाळी-भाज्या एकत्र शिजवलेल्या भज्जीचा निवद दाखवायचा आणि ज्वारी-ताकाची आंबट आंबिल शेतभर शिंपडायची. अकरा माणसांचे उंडे माझ्याशिवाय मळायचे कशात?

तर मी शाळेत गेले. पहिल्या दिवशी मला रडू आलं. मी पिठाची, आणि पोरं माझ्यात शेतातली काळी माती टाकायलीत. पण पुढं गंमत वाटू लागली. पोरं पावलं मोजत गावभर हिंडायची. वीस पावलं म्हणजे एक बोट, असा हिशोब मास्तरांनी बसवून दिला होता. वेशीपासून चावडी किती, चावडीपासून मशीद किती, बसवण्णाच्या देवळापासून गोडी विहीर किती. म्हाताऱ्यांना गाठून विचारायची, ही विहीर कुणी खणली, ही गल्ली आधी कुठं जायची. नागूबाईकडे गेली तेव्हा ती म्हणाली, मला येळ न्हाई. आणि मग सूर्य कलेपर्यंत सांगत बसली.

महिन्याभरात माझ्यात गाव उभं राहिलं. काड्यांची छपरं, राखेचा ओढा, तुरीच्या दाण्याएवढ्या कोंबड्या. प्रत्येकाने आपापलं घर आपल्या हाताने केलं. मला वाटायचं, नागूबाई अकरा माणसं सांभाळते, मी अख्खं गाव सांभाळायलेय.

आणि निरोप आला. साहेब येणार येळवशीच्या दुसऱ्या दिवशी.

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारी नागूबाई कोठ्याच्या दारात उभी. मास्तर म्हणाले, "नागूबाई, परवा साहेब यायलेत. दोनच दिवस थांबा की."

"साहेब तुमचे, येळवस माझी. उंडे काय साहेबाच्या टोपीत मळू?"

 तिने वाकून मला दोन्ही कडांना धरलं आणि तशीच थांबली. "ह्ये काय गं?"

"आपलं शेत, आजी," शिवगंगा म्हणाली. "कडब्याची खोप केली. आत पांडव मांडले. चुना बी लावला."

नागूबाईने हात काढून घेतले. मांडलेल्या पांडवांना पूजा झाल्याशिवाय हलवायचं नसतं. खोप बोटभर असली म्हणून काय झालं. "मांडलेत म्हंजे बसलेत," ती म्हणाली. "आता उठवायचं कुणी?" आणि मला तिथंच सोडून घरी गेली. तिने आयुष्यात पहिल्यांदा शेजारणीची परात मागून आणली. मागताना ती परातीलाच बोल लावत होती म्हणे.

मास्तरांना वाटलं, सुटलो. पण बसलेल्या देवाला जेवायला कोण घालणार, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. ते नागूबाईच्या ध्यानात होतं.

येळवशीला सकाळी गाव शेताकडे निघालं. नागूबाई डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन आधी कोठ्यात आली. माझ्याशिवाय तिथं कुणी नव्हतं. इथल्या पांडवांना उपाशी ठेवून शेतात जेवायला बसेन कशी, असं स्वतःशीच पुटपुटत तिने खोपीपुढं पाच उंडे ठेवले. भज्जी वाहिली. मग आंबिल शिंपडली. आधी आपल्याच शेतावर शिंपडली. मग तिच्या मनात आलं, शेजारच्याचं शेत कोरडं ठेवलं तर बरं दिसत नाही. तिथंही शिंपडली. मग वरच्या आळीला, खालच्या आळीला, चावडीला, मशिदीला. आपल्या हातून कुणी उपाशी राहू नये म्हणून तिने अर्धं मडकं माझ्यावर रिकामं केलं आणि समाधानाने शेताकडे गेली.

मित्रांनो, काळ्या मातीला पाणी लागलं की ती फुगते. मला सगळं कळत होतं, पण तोंड नव्हतं. आधी वेस बसली. मग चावडी वाकडी झाली. राखेचा ओढा पात्र सोडून बाजारात शिरला. संध्याकाळी जगदेवप्पांच्या कोंबड्या उंडे खायला आल्या आणि उरलंसुरलं गाव उकरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पोरं आली ती नवे कपडे घालून. माझ्यात बघितलं आणि एकेक जण खाली बसलं. मग पोरगे काठ्या घेऊन कोंबड्यांमागे धावले. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. साहेब दुपारी येणार होते.

तेवढ्यात नागूबाई आली, नातीचं कौतुक बघायला. तिने एक नजर माझ्यावर टाकली. गप्प राहिली असती तर सगळं कोंबड्यांवर गेलं असतं. पण ती नागूबाई होती.

"कोंबड्याला कामून हाणायलाव रे? मी केलंय ते."

सगळे थांबले. मास्तर हळूच म्हणाले, "नागूबाई, शाळा गेली."

"शाळा कुठं जाती? हितंच हाय की. अन् मास्तर, इतकं शिकलाव, काळ्या मातीची भिंत कुणी घालतंय व्हय? काळी पेरायला, पांढरी बांधायला. हे तर माझ्या म्हशीला बी ठावं हाय."

तिने पदर खोचला. कुणाला पांढऱ्या मातीला धाडलं, कुणाला भुशाला. मला धुतलं, पुसलं. महिनाभर लागलेलं गाव पोरांनी पुन्हा करायला घेतलं. पण आता कुणी मोजत नव्हतं. मोजलेलं सगळं पोरांच्या बोटांत बसलं होतं. वेशीपासून चावडी सहा बोटं. चावडीपासून मशीद चार. "तुमची गल्ली वाकडी व्हायली बघ," असं एक म्हणायचं की दुसरं सरळ करायचं. चन्नव्वा नावाची एक पोर फार लाजरी, वर्गात कधी तोंड उघडायची नाही. ती नागूबाईला म्हणाली, "आजी, गोडी विहीर तिकडं न्हाई, हिकडं." नागूबाईने तिच्याकडे टवकारून बघितलं आणि विहीर सरकवली.

साहेब दुपारी येणार होते, ते तासभर आधीच आले. पोरांचे हात कोपरापर्यंत मातीत. उठून कुणी उभं राहिलं नाही, कारण कुणाचं लक्षच नव्हतं. मास्तर पोरांना उठवायला धावले. साहेबांनी त्यांना हाताने थांबवलं, जवळ आले आणि गेल्या वर्षीचंच विचारलं, "ओढा किस तरफ है?"

शिवगंगा ओंजळीत राख घेऊन बसली होती. तिने वर न बघता सांगितलं, "उगवतीला. जरा सरका, तुमच्या पायापाशी यायलाय तो."

साहेब सरकले. खरंच सरकले. मग टोपी काढून खाली बसले आणि एकेक विचारू लागले. पाणी कुठून येतं, तूर कुठं जाते, ही आळी आधी की ती. पोरं काम करता करता सांगत होती. एक चुकलं की तीन जणं दुरुस्त करत होती. साहेबांनी खोपीकडे बोट नेलं, "और ये?"

"पांडव हायेत. पाया पडा, पर हात लावू नका," नागूबाई म्हणाली. "काल ह्यांनाच जेवू घालायला गेले अन् सगळं गाव बुडवलं मी. मास्तरचा दोष न्हाई. लिवायचं आसंल तर माझं नाव लिवा."

साहेबांनी मास्तरांना विचारलं, म्हणजे हे सगळं आज सकाळपासूनचं? मास्तरांनी मान हलवली. साहेब हसले. मग ज्या रस्त्याने आले तो रस्ता त्यांना गावात दिसेना, म्हणून त्यांनी स्वतःच्या बोटाने माझ्या कडेपर्यंत एक रेघ ओढली. चन्नव्वा म्हणाली, "चुकलं. मधी चिंच हाय, रस्ता वळतो तिथं." साहेबांनी रेघ पुसून पुन्हा वळवून काढली.

जाताना ते मास्तरांना म्हणाले, "गेल्या साली या पोरांना सोळा जिल्हे ठाऊक होते. यंदा आपण कुठं राहतो ते ठाऊक झालंय. शाळा चालू ठेवा. मंजुरी पक्की करून पाठवतो. पण हे गाव जपून ठेवू नका. दरसाल मोडा आणि नव्याने करा."

नागूबाई लगेच म्हणाली, "दरसाल? मग साहेब, तुमी येळवस झाल्यावर आठ दिवसांनी येत जावा."

साहेबांनी ते कबूल केलं. शिवगंगा मला धरून रडत होती आणि हसत होती. आजीने तिच्या डोक्यावर मातीचाच हात ठेवला आणि म्हणाली, "बरी हाय माझी पोर." हे मी पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हापासून नऊ वर्षं मी आधी चुलीपुढं आणि मग शाळेत, अशी दोन घरं सांभाळली. माझ्यात कधी कल्याणीचा किल्ला झाला, कधी गाणगापूरचा संगम. मग मास्तरांची बदली झाली. नागूबाईचे हात थकले, घरात पितळी परात आली. शाळेत हैदराबादहून छापील नकाशा आला आणि मला समोरच्या भिंतीला खुंटीवर टांगलं. उन्हाने माझ्या कडेला चीर गेली आहे. कुणी पुसत नाही.

दोन वर्षं मी तो नकाशा बघतेय. रंग छान आहेत, कागद गुळगुळीत आहे. त्याच्यावर माझा राग नाही. पण मी त्याचा कानाकोपरा शोधला, मित्रांनो, त्यात हुणसेवाडी नाही. शेजारच्या गावांहून इथं शिकायला येणाऱ्यांनो, तुमचंही गाव नसेल. तुम्ही रोज त्याच्यापुढं बसता आणि तुम्हाला त्याचं काही वाटत नाही, याचं मात्र मला वाईट वाटतं.

म्हणून सांगते, मला खाली घ्या. सावलीत वाळवा, चिरेत मेण भरा, थोडं करडईचं तेल चोळा. लाकूड आहे, अजून पुष्कळ वर्षं टिकेन. मग बाहेर जा, पावलं मोजा, म्हाताऱ्यांना विचारा आणि पांढरी माती घेऊन या. तुमचं गाव केवढंही असो, दाटीवाटीने का होईना, मी सामावून घेईन.