गिरिजाबाईंची डेमलर

जाफराबादजवळच्या शेतात, कडब्याच्या शेडात ती डेमलर गाडी उभी होती. विलायतेहून ती आली होती हैदराबादच्या एका जहागीरदारासाठी. पोलीस अॅक्शननंतर तो मुलूख सोडून गेला आणि गाडी गिरिजाबाईंच्या नवऱ्यानं, अण्णासाहेबांनी घेतली. लांबलचक बोनेट, मागं घडी होणारा कापडी टप. अण्णासाहेब वारले आणि गाडीत कोंबड्या अंडी घालू लागल्या.

त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर धाकटे दीर अप्पाराव गिरिजाबाईंना म्हणाले, "वहिनी, मुंबईचं एक शौकीन गिऱ्हाईक हाय. उन्हाळ्यात येऊन गाडी पाहतो म्हणतो."

"पाहू द्या. पण मला ती चालवायची हाय, भाऊजी."

अप्पाराव हसले. गिरिजाबाई हसल्या नाहीत. नवऱ्याच्या हयातीत त्या या गाडीत कितीदा तरी बसल्या होत्या, पण मागच्या सीटवर, टप ओढून, काचा लावून. बाईमाणसानं उघड्या गाडीत बसायचं नाही, हा अण्णासाहेबांचा दंडक. आत घामानं जीव नकोसा व्हायचा. आताही अंबडकडच्या जमिनीच्या खटल्यासाठी तिथल्या कोर्टात जायचं, तर कुणी सोबतीला मिळेपर्यंत थांबावं लागे.

जाफराबादेत डिझेल इंजिनं दुरुस्त करणाऱ्या रामकिसनला त्यांनी बोलावून घेतलं. त्यानं बोनेट उघडलं आणि मान हलवली.

"इंजिन बिलकुल जाम झालंय, बाईसाहेब. सामान कुठंच मिळणार न्हाई."

"मंग मिळंल ते बसव."

रामकिसननं इंजिनात रॉकेल ओतून ठेवलं. रोज येऊन इंजिन फिरवायच्या हँडलवर जोर लावायचा, हात झटकत परत जायचा. एका सकाळी हँडल फिरलं. टायर मिळेनात, म्हणून जीपची चाकं आणली. जालन्याच्या खोगीर शिवणाऱ्यानं ताडपत्रीचा नवा टप शिवला. गंज गिरिजाबाईंनी स्वतः पॉलिश पेपरनं घासून काढला. नखं झिजली तरी थांबल्या नाहीत. रंग मिळाला ट्रॅक्टरचा लाल, तोच दिला.

गाडीचं गिअरचं तंत्र निराळंच होतं. स्टिअरिंगखालच्या दांडीनं गिअर आधी निवडायचा. मग पायानं पेडल दाबलं की तो पडायचा. शिकताना पहिल्याच दिवशी गिरिजाबाईंनी गाडी कडब्याच्या गंजीत घुसवली.

"आता उद्या पाहू," रामकिसन घाबरून म्हणाला.

"उद्या कशाला? ढकल मागं. आन् तो टप काढ."

दुसऱ्या खेपेला गाडी बांधावरून सरळ सडकेला लागली. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडाला. त्यांनी तो खांद्यावर येऊ दिला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट ठेवले.

चैत्रात अप्पाराव गिऱ्हाइकाला घेऊन आले. गाडीभोवती फिरता फिरता त्या माणसाचा चेहरा उतरत गेला.

"ही जीपची चाकं? हा रंग? बाई, गाडीची वाट लावली तुम्ही. आता हिला किंमत नाही."

एवढ्या जिवापाड केलेल्या कामाला असं कुणी म्हणेल, हे गिरिजाबाईंच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी लाल पत्र्यावर हात ठेवला.

"वहिनी, म्या सांगत आल्तो तुमाला, हाय तशीच राहू द्या म्हणून," अप्पाराव चिडले.

"किंमत न्हाई ना? मंग बरं झालं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता हिच्यासाठी कुणी माझ्या दारात येणार न्हाई."

गिऱ्हाइकाची एस.टी. चुकली होती. गिरिजाबाईंनी स्वतःच त्याला जाफराबादच्या स्टँडवर सोडलं. तिथून तशाच पुढं अंबडला गेल्या. कोर्टात जमिनीच्या वाटणीची तारीख होती, आणि या खेपेला त्यांना कुणाच्या सोबतीची वाट पाहावी लागली नाही.