मास्तरांचा होकार

जलतरण तलावाच्या काठावर उभा जन्म काढून मास्तरांनी निम्म्या गावाला पोहायला शिकवलं होतं. मग मेंदूतल्या एका गुठळीने त्यांचं उजवं अंग लुळं केलं आणि जिभेवर एकच शब्द शिल्लक ठेवला. हो. जेवलात का? हो. जेवायचं राहिलंय का? तरीही हो, आणि मान मेली त्या होच्याच तालावर हलायची.

"असा सासरा मिळायला भाग्य लागतं," जावई म्हणायचा. "कशालाच नाही म्हणत नाहीत." मास्तरांना राग यायचा आणि हसूही यायचं.

हवापालट म्हणून लेकीने त्या दिवशी गाडी काढली. भर जंगलात रस्त्यालगत नदी दिसली आणि तिने ब्रेक मारला. जावयाने सावलीत घडीची खुर्ची मांडून मास्तरांना बसवलं.

पाणी दिसायला अगदी गरीब होतं. पण पलीकडच्या काठाजवळ एक वाळकं पान तरंगत आलं, थबकलं आणि कुणी खेचल्यासारखं वळणाकडे पळालं. तिथे ओढ होती.

"बाबा, जाऊ ना? पलीकडे हात लावून येते." लहानपणापासूनचा शिरस्ता होता, बाबांनी हो म्हटल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही.

मास्तरांनी सगळा जीव एकवटून नाही म्हटलं. तोंडातून निघालं, "हो."

त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट घट्ट धरलं.

"बघ, बाबांनाही यायचंय," जावई हसला. लेकीने तो हात गालाला लावला, हळूच सोडवून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पाण्यात शिरली.

सुरेख पोहत होती. डावा हात जरा कमी ओढते, ही खोड जुनीच. पलीकडचा काठ हाताशी आला आणि ती एकदम आडवी सरकू लागली. मग तिने एक हात वर केला. दम संपला की ओरडायचं नाही, नुसता हात वर करायचा, हे तलावावरचं पहिलं कलम. ते मास्तरांनीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

जावयाला पोहण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानेही हात हलवला आणि फोटो काढला.

"हो! हो! हो!" मास्तर ओरडले.

"हो ना, मजेत आहे अगदी."

मास्तर उठायला गेले आणि खुर्चीसकट कोसळले. जावयाने धावत येऊन त्यांना उचलून बसवलं, तोवर नदी रिकामी झाली होती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या नावाने हाका मारत तो वळणाकडे पळाला.

मास्तर एकटे उरले. बुडत्याला काढायचे ज्यांनी जन्मभर पगार घेतले, त्यांना स्वतःच्या पायांवर उभं राहता येत नव्हतं; नाकावरची माती पुसायचंही भान नव्हतं. ते रडले. रडणं तेवढं शाबूत होतं.

बऱ्याच वेळाने दोघं दगडांवरून येताना दिसली. लेकीचा गुडघा फुटला होता, दात वाजत होते.

"उताणी झाले, बाबा. तुम्ही शिकवलं होतं तसं. पुढे उथळात पाय टेकले." ती त्यांच्या पायाशी बसली. त्यांच्या तोंडावरची माती पुसली. मग मघाचं ते मनगट तिने स्वतःच चाचपलं.

"तुम्हाला नको म्हणायचं होतं ना?"

"हो," मास्तर म्हणाले. किती महिन्यांनी तो शब्द खरा निघाला होता.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "की हाही 'हो' आपला नेहमीचाच?"

मास्तरांनी सगळा प्राण डोळ्यांत आणला.

"हो."