पायलीभर हिंमत

मी पायली बोलतेय. धान मोजायची, शिवणीच्या लाकडाची. सांगते ते सगळं खरं, अक्षर न् अक्षर. वाघानं मला तोंडात धरून नदी पार केली होती, तेव्हापासून मी खोटं बोलत नाही. म्हणजे वाघ नव्हता, कुत्रं होतं. आणि नदीला पाणी नव्हतं. पण पुढचं खरं आहे.

एटापल्लीच्या पलीकडे, जंगलातल्या एका गावात मी राहते. गावाचं नाव सांगणार नाही. ते सांगायचा हक्क बुधरीचा, आणि तिला ते नकोय. मी बुधरीच्या घरची. तिच्या सासूनं मला कोरून घेतलं, पुढं तिच्या हाती दिलं. पाहुण्याला धान असो की मोहाची फुलं, द्यायचं ते शीग लावून, काठावर डोंगर चढेपर्यंत. या घरात पाहुण्यापुढं सपाट माप ठेवणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवणं.

मग बंदुकांचे दिवस आले. आज एक टोळी, उद्या दुसरी. मोह वेचायला गेलेल्या बुधरीवर बंदूकवाल्यांनी जबरदस्ती केली. ते कोणत्या बाजूचे, हे विचारायला लोक फार येतात. ती कशी आहे, हे विचारायला कोणी येत नव्हतं. तेव्हापासून ती मोहाच्या झाडाकडे गेली नाही. शेजारणी तिच्या वाट्याचा मोह आणून देत.

एका संस्थेच्या निशाताई दर मंगळवारी येऊ लागल्या. भाषण नाही, काही नाही. बसायच्या, तंबाखू मागायच्या, मग बुधरीसोबत चालायच्या. आधी अंगणापर्यंत. मग बोरिंगपर्यंत. थंडीत तर जंगलाच्या कडेपर्यंत. मला वाटलं, यंदा बुधरीनं स्वतः वेचलेला मोह मी मोजणार.

तेवढ्यात त्याच संस्थेनं मोजणी काढली. कोणत्या बाईला किती उभारी आली ते पाहायचं आणि जिथं कमी तिथं माणूस पाठवायचं. ब्रह्मपुरीची दिव्यानी आली. पोरगी गुणी, पण घाईची. आकड्यांत उत्तर देणं बायांना जड जातं म्हणून तिनं युक्ती केली. मला उचललं आणि आतून खडूनं रेघा ओढल्या. थोडी, बरी, पुष्कळ, पूर्ण. माझ्या पोटात! मला कोणी विचारलं?

"बुधरीबाई, तुमाले जेवढी हिंमत वाटते, तेवढा मोह याच्यात टाका."

"आधी पानी घ्या," बुधरी म्हणाली.

"घेतो ना. सांगा, 'संकट आलं तरी मी पुन्हा उभी राह्यतो', हे किती खरं?"

बुधरीनं गाडग्यातला वाळलेला मोह ओतला. शीग लावून.

"अवं बाई, काठाच्या वर रेघच नाई! पूर्ण लिहितो. बरं, रात्री झोप लागते?"

पुन्हा शीग. भीती वाटत नाही? शीग. एकटीनं जंगलात जाता? मी ओरडले, अगं ती पाहुणचार करतेय, तिची हिंमत नाही भरत! पण माझं तोंड एवढं मोठं, आवाज मात्र नाही. शेवटी बुधरीनं सगळा मोह दिव्यानीच्या पिशवीत ओतला.

"हे कायले?" दिव्यानी हसली.

"तुमीच मांगत होत्या ना?"

तरीही त्या पोरीच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. "किती प्रेमळ आहे बाई," म्हणत ती जीपमध्ये बसली.

मोह टपकायला लागला तेव्हा निशाताई आल्या आणि उंबऱ्यावरच बसून राहिल्या.

"बुधरीबाई, ऑफिसवाले म्हणून राह्यले, तुमचं माप पूर्ण भरलं. आता मले दुसऱ्या गावाले पाठवते. मी लय भांडली, पण कागदापुढं माहं चालत नाई."

बुधरी ताठ उभी राहिली. "तुमच्या सायेबाले सांगा, ते माप पाहुनीचं होतं. माही हिंमत मोजाची असन तं माह्यासंग मोहाच्या झाडाकडे चाला. जिथी माहा पाय थांबते, तिथी रेघ ओढा!"

बाहेर मोहाचा सडा पडलाय आणि मी फळीवर रिकामी. वाचणाऱ्या भाऊ-बायांनो, मोजायला जरूर या. पण दुसऱ्यांदाही या, तिसऱ्यांदाही. तुम्ही पाहुणे उरला नाहीत, की मग विचारा.

आणि एक सांगते. कुत्र्याचं सोडा, ते हसायला होतं. पण बुधरीचं ते उत्तर मी बनवलंय. फळीवर बसून रोज थोडं थोडं. दिव्यानी, रेघा, शीग, निशाताईंचं भांडण, सगळं खरं. बुधरी तेवढी तसं काही बोलली नाही. तिला मापाचं काही कळलंच नव्हतं. निशाताई उठल्या तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "मंगळवारी येता ना, बाई?"