लोखंडाची पारुबाई

कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. साल एकोणीसशे एकेचाळीस. मी हिंगोलीच्या सरकारी दवाखान्याचा डॉक्टर, देवीची लस टोचायला गेलो होतो. एरवी माझी पेटी दिसली की बाया लेकरं काखेत मारून शेतात पळत. त्या दिवशी माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळे एका झोपडीपुढे नारळ घेऊन रांगेत उभे होते.

"हिरासिंगाची बायको लोखंडाची झाली, डॉक्टरसाब," रांगेतला एक म्हातारा म्हणाला. "लोहाबाबाची किरपा."

मी रांग मोडून आत शिरलो. पारुबाई नाक्यावर मिठाच्या गोण्या उतरवायची, नवऱ्याच्या बरोबरीनं. ती चटईवर उताणी होती, पण चटईला तिचं डोकं आणि टाचा एवढंच टेकलं होतं. पाठ कमानीसारखी वर उचललेली. त्या कमानीखालून बाया आपली तान्ही लेकरं या बाजूनं त्या बाजूला काढत होत्या. म्हणजे लेकराला लोखंडाचं आयुष्य मिळतं म्हणे. लेकराचा धक्का लागला की कमान आणखी ताणायची आणि लोक हात जोडायचे.

उशाशी लोहाबाबा बसला होता. भगवी कफनी, हातात पितळेची पिचकारी.

"वाजवून पाहा, वाजवून," असं म्हणत तो तिच्या पोटावर बोटांनी टकटक करत होता. "मऊ लागतं का कुठं? गंज भ्यायला पाहिजे अशा अंगाला. घंटा वाजवा रे, देवी ओ देते."

घंटा वाजली. पारुबाईचं सगळं अंग कडक झालं, दात करकर वाजले.

"हसून राहिली, पाहा," हिरासिंग मला म्हणाला. त्याच्या आवाजात मोठा अभिमान होता. तिचे ओठ दोन्हीकडे ओढले गेले होते आणि दात दिसत होते, एवढं मात्र खरं. मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते माझ्या पेटीकडे वळले आणि तिथंच थांबले. तिला सगळं कळत होतं. घंटा, टकटक, जयजयकार, सगळं.

हा बाबा आला कुठून, ते सांगतो. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, तपासणीसाठी नाक्यावर लॉऱ्या तासन् तास उभ्या राहतात. बऱ्याचशा मिठाच्या. मिठाचं पाणी झिरपून लॉरीचं पोट खातं, दोन पावसाळ्यांत पत्रा हातानं तुटतो. गेल्या पावसाळ्यात हा बाबा आला, लॉरीखाली उताणा शिरला आणि पिचकारीनं काळं तीर्थ उडवू लागला. चमत्कार दाखवायला दोन पत्रे ठेवले होते. एकावर तीर्थ, एक कोरा. दोन्हींवर मिठाचं पाणी. कोरा पत्रा लाल झाला, दुसरा जसाच्या तसा. हे खोटं नव्हतं. इनायत ड्रायव्हरची लॉरी त्या तीर्थानं खरोखरच गंजायची थांबली होती.

इथवर कुणाचं काही बिघडलं नाही. पण बाबाचं पोट काही लॉऱ्यांवर भरेना.

"रगत चाटून पाहा," तो सांगू लागला, "चव कशाची? लोखंडाची. माणसाच्या अंगात लोखंड हाय. मंग जे मोटारीच्या पोटाला चालतं, ते माणसाला काहून चालणार न्हाई?"

लोकांना हे बरोबर पटलं. रक्ताची चव तर प्रत्येकाला ठाऊक होती.

पुढं पंधरवड्यापूर्वी पारुबाईचा पाय नाक्यामागच्या शेणात पडलेल्या एका गंजक्या पत्र्यावर पडला. तळव्यात खोल कापलं. "अंगात गंज गेला," म्हणून नवऱ्यानं तिला बाबाकडे नेलं. बाबानं जखम धुतली नाही. आत पिचकारी घालून तीर्थ भरलं, वर त्याच तीर्थात भिजवलेली चिंधी आवळली आणि ती सोडायची नाही अशी शपथ घातली. दहा दिवसांनी तिचा जबडा धरला, मग मान, मग पाठ. बाबानं पाहिलं की बाई मरायला लागली. दुसरा एखादा पळून गेला असता. यानं नारळ मागवले.

मी तिच्या पायाची चिंधी सोडली. खाली काय होतं ते लिहीत नाही. चिंधी नाकाशी नेली. कापराच्या वासाखाली आणखी एक वास होता. इनायत दारात उभा होता. मी चिंधी त्याच्यापुढे धरली.

"इनायतभाई, हा वास ओळखता?"

त्यानं हुंगलं, मग चिंधी बोटांत चोळली. "ये तो इंजनचं जळकं तेल, डॉक्टरसाब. आमी काढून टाकतो ना, ते. बाबाचा चेला डबा घेऊन जातो. दिव्याला पाहिजे म्हणला होता."

"आणि पातळ करायला?"

"घासलेट," तो हळूच म्हणाला.

"तीर्थ कशात उतरतं ते देव जाणे," बाबा म्हणाला. "बाई जित्तीजागती लोखंडाची झाली, ते खोटं हाय का?"

तिच्या उशाशी तिचा पाय कापणारा तो गंजका पत्रा हळदकुंकू वाहून ठेवला होता. मी तो उचलला. "खोटं कसं म्हणू? उलट मला बाबांचा चेला व्हायचंय. या पत्र्यानं बाबांच्या तळव्याला एवढंच कापू, एवढंच शेण लावू आणि त्यांच्याच हातानं तीर्थ भरू. अंग लोखंडाचं झालं की नोकरी सोडतो. बाबा, पाय पुढं करा."

बाबानं दोन्ही पाय कफनीखाली ओढून घेतले.

हिरासिंग त्या कफनीकडे पाहत राहिला. मग वाकून त्यानं घंटेचा लोलक मुठीत धरला.

"भायेर व्हा समदे," तो म्हणाला.

गर्दी हटली, उजेडानंही झटका येतो म्हणून अंधार केला, मी झोपेचं इंजेक्शन दिलं. इनायत लॉरी घेऊन धनुर्वाताच्या विषावर उतारा म्हणून द्यायची लस आणायला हिंगोलीला गेला. बाहेर मी लोकांना समजावलं. लोखंडाला गंज चढायला पाणी आणि हवा लागते. तेल दोन्ही अडवतं, म्हणून पत्रा वाचतो. धनुर्वाताचे जंतू शेणामातीत असतात आणि त्यांना हवा सोसत नाही. बंद, कोंडलेली जखम त्यांना फार आवडते. ज्या कारणानं तेल लॉरीला वाचवतं, त्याच कारणानं ते माणसाला मारतं. आणि ती हसत नाही, तिच्या तोंडाचे स्नायू आखडले आहेत. तुम्ही घंटा वाजवलीत तेव्हा दर वेळी तिचं अंग पिळवटत होतं.

ज्यांनी लेकरं कमानीखालून काढली होती त्या बाया खाली पाहू लागल्या. मघाचे जोडलेले हात आता बाबाला मारायला दगड शोधत होते. पण तो मागच्या मागे केव्हाच पसार झाला होता. अशा माणसांचे पाय पळायला नेहमीच शाबूत असतात. एखाद्या दुसऱ्या नाक्यावर तो आज पिचकारी भरत असेल.

लस संध्याकाळी आली. फार उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पारुबाई गेली, पूर्ण शुद्धीत.

हिरासिंग माझ्या पेटीजवळ येऊन बसला. "पयल्या दिशी तुमच्याकडं आणली असती तर?"

"जखम धुतली असती, उघडी ठेवली असती, लस दिली असती. बहुतेक जगली असती."

"दवाखाना लई दूर हाय, साब. बाबा हितं जवळच व्हता."

त्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलायला हवं होतं, असं मला पुढं पुष्कळांनी सुनावलं. पण मला राग आला होता, अजून येतो. गोड बोलूनच त्या माणसानं पारुबाईला मारलं होतं.

तेल खरं आहे. लॉरीच्या पोटाला खुशाल मारा, फुकट मिळतं, त्याला बाबा लागत नाही. पण एक गोष्ट खरी निघाली म्हणून दुसरी खरी मानू नका. ती दुसरी वेगळी तपासा. सांगणारा ती स्वतःच्या अंगावर करून घेतो का, तेही पाहा. जखम झाली तर स्वच्छ पाण्यानं धुवा, वर काही थापू नका आणि दवाखान्यात या. दवाखाना दूर असतो आणि बाबा जवळ असतो, हे मला मान्य आहे. तरी चालत या.