खुनी कोण, भांडी कोणाची

त्या रविवारी एडिटरच्या खिशातल्या पेनड्राइव्हवर एकाच सिनेमाचे दोन शेवट होते. एक खरा, आणि एक खास होणाऱ्या सासऱ्यांसाठी कापलेला. होणाऱ्या म्हणजे, झाले तर. अजून काहीच ठरलं नव्हतं आणि घोडं अडलं होतं ते सासऱ्यांपाशीच.

मुलगी राजी होती. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, आणि ह्यालाही चांगला तपासूनच तिने पसंत केलं होतं. तिच्या आईचीही ना नव्हती. तिचे बाबा मात्र "सिनेमा बघावा, घरात आणू नये," एवढं एकच वाक्य बोलून मोकळे झाले होते. एडिटर त्यांना काका म्हणायचा आणि तिच्या आईला काकू. काका-काकूंची खाली लाँड्री, वर घर. आठवडाभर काकूंचे हात साबणाच्या पाण्यात आणि काका इस्त्रीपाशी उभे. रविवारी दुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं की वर सिनेमा लागायचा. खुनाचाच लागायचा, आणि तोही अगदी कमी खर्चातला.

ह्या सिनेमांबद्दल चार शब्द सांगायलाच हवेत, कारण शहाणी माणसं त्यांना नाकं मुरडतात. मुरडू देत. दार आपटलं की ज्यांतली भिंत हलते ते हे सिनेमे. इन्स्पेक्टरचं पिस्तूल पुढच्या प्रसंगात चोराच्या हातात दिसतं, कारण सगळ्यांत मिळून पिस्तूल एकच. पाठलागातली गाडी त्याच निळ्या दुकानावरून पुन्हा पुन्हा जाते. प्रेताची पापणी लवते. आणि तरीही माणूस जागचा हलत नाही. कारण पडद्यावरच्या त्या मूठभर लोकांपैकीच कुणीतरी खून केलेला असतो, बाहेरून नवा माणूस आणायची निर्मात्याची ऐपत नसते, आणि तो कोण हे ओळखायचा आपल्याला इन्स्पेक्टरइतकाच हक्क असतो. मोठ्या सिनेमात आपण पाहुण्यासारखे अंग चोरून बसतो, इथे मात्र मांडी ठोकून.

एडिटर हेच सिनेमे जोडून पोट भरायचा, पण चारचौघांत "व्हिडिओचं काम करतो" असं काहीतरी मोघम सांगून वेळ मारून न्यायचा. ह्या घरात तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याने जोडलेलाच एक सिनेमा लागला होता. काकू सुरुवातीच्या पाट्या मोठ्याने वाचत होत्या. त्याचं नाव आलं तशा त्या थांबल्या, त्याच्याकडे वळून पाहिलं आणि चक्क टाळ्या वाजवल्या. ती पाटी त्याच्या सख्ख्या आईनेही कधी वाचली नव्हती. त्याच दुपारी त्याने मनाशी ठरवून टाकलं, सोयरीक करायची तर ह्याच घरात.

घरात एक पैज चालायची. मध्यंतराला सिनेमा थांबवायचा, चहा करायचा आणि काका-काकूंनी आपापला खुनी सांगायचा. एकदा सांगितला की शब्द फिरवायचा नाही. ज्याचा अंदाज चुकेल त्याने रविवारची सगळी भांडी घासायची. मुलगी लहानपणापासून पंच.

काकूंचा अंदाज कधी चुकत नसे आणि काकांचा कधी बरोबर येत नसे. गणवेशातला माणूस दिसला की काकांचा त्याच्यावर संशय बसलाच म्हणून समजा. वेटर, दरवान, बसचा कंडक्टर, कुणालाही सोडायचे नाहीत. त्या पहिल्या रविवारी त्यांनी एका बापड्या लिफ्टमनला खुनी ठरवलं, तोंडावर आपटले, बाह्या सरसावून स्वयंपाकघरात गेले आणि शीळ घालत भांडी घासू लागले. हार लपवायला शीळ घालतायत बिचारे, असं एडिटरच्या मनात आलं.

"बाबांना जन्मात एकदा तरी जिंकायचं असणार रे," त्याला खाली सोडायला आलेली मुलगी म्हणाली होती. ते वाक्य त्याच्या डोक्यात घर करून बसलं.

म्हणून हे दोन शेवट. नवा सिनेमा त्याच्याकडेच कापायला आला होता, अजून बाहेर कुणी पाहिला नव्हता. त्यात खुनी होता डॉक्टर, आणि कथेत एक पोस्टमनही होता. गणवेशासकट! शेवटच्या दिवशी डॉक्टर झालेला नट दुसऱ्या शूटिंगला पळाला होता, त्यामुळे शेवटच्या झटापटीतला खुनी सगळा पाठमोरा होता. लांब कोट, टोपी, आणि आत युनिटचा चहावाला. टोपी उडाल्यावर तेवढा डॉक्टरचा चेहरा यायचा, आधी कधीतरी घेऊन ठेवलेला. तो चेहरा एडिटरने काढला. त्या जागी कुत्रा अंगावर आल्यावर दचकलेल्या पोस्टमनचा चेहरा लावला. दाराबाहेरून "मीच आहे, मीच!" म्हणणाऱ्या पोस्टमनचं शेवटचं "मीच" उचललं आणि इन्स्पेक्टरच्या "कुणी केला खून?" ह्यापुढे चिकटवलं. झालं काम. मोठ्या सिनेमात हे जमलं नसतं. इथे फाटकंतुटकं मुळातच इतकं असतं की एक ठिगळ जास्त कुणाला दिसतंय!

रविवारी मध्यंतराला चहा आला. काकूंनी कप दोन बोटांच्या टोकांनी त्याच्यापुढे धरला. ते एडिटरने पाहिलं, पण तेव्हा त्याचं सगळं लक्ष काकांकडे होतं.

"डॉक्टर," काकू म्हणाल्या. "त्यात विचार कसला करायचा? मेलेल्या माणसाची नाडी बघायच्या आधी घड्याळ बघतो मेला."

"पोस्टमन," काका म्हणाले.

"का हो?"

"रविवारी पत्रं वाटतोय. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघ."

ते कॅलेंडर तिथे चुकून राहिलं होतं, पण एडिटरला काकांचं भारी कौतुक वाटलं. असं बारकाईनं बघणारा माणूस दर खेपेला हरावा, हा खरंच अन्याय होता.

शेवट आला. झटापट झाली, टोपी उडाली, पोस्टमन डोळे विस्फारून इन्स्पेक्टरकडे बघत राहिला. "मीच!"

"बाबा जिंकले!" मुलगी टाळ्या पिटत ओरडली.

काका हसले नाहीत. हरल्यावर शीळ घालणारा माणूस जिंकल्यावर मात्र गप्प बसला. "असं कसं होईल?" एवढंच पुटपुटले.

"होईल म्हणजे, झालंय," काकू म्हणाल्या. चेहरा जरा उतरला होता, पण त्या उठल्याच. "चला, आज माझी पाळी."

"अगं, राहू दे. मी घासतो."

"पैज म्हणजे पैज. इतकी वर्षं तुम्हाला मी कधी सूट दिली? आणि आठवडाभर उभे असता, रविवारी तरी टेका जरा."

आत नळ सुरू झाला. रिकामे कप द्यायला म्हणून एडिटर स्वयंपाकघरात गेला आणि काकूंचे हात त्याला जवळून दिसले. बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या, तळव्याची कातडी ठिकठिकाणी सोललेली. साबणाचं पाणी लागलं तशी त्यांनी दातावर दात दाबले.

"हे काय झालंय काकू?"

"काही नाही रे. आठवडाभर पाण्यात असतात ना. रविवारी सुकतात जरा, तेवढाच त्यांना आराम."

एडिटरने मागे वळून पाहिलं. दारात काका उभे होते. हातात नॅपकिन, आणि चेहरा काचेचं भांडं फोडलेल्या मुलासारखा. तेव्हा कुठे त्या शिळेचा अर्थ एडिटरला लागला. ह्या माणसाला जिंकायचं कधी नव्हतंच. एवढ्या वर्षांचा जमून आलेला खेळ आपण एका ठिगळाने उधळून लावला होता.

सांगावं तर लबाड ठरणार. सिनेमावाल्याला घरात घ्यायचं नाही म्हणणाऱ्यांच्या हाती आपण होऊन कोलीत दिल्यासारखं. गप्प बसलं तर आज तरी बिंग फुटणार नाही, आणि काकू भांडी घासतील. नळ वाहत होता.

"काकू, ठेवा ते," एडिटर म्हणाला. "तुम्हीच जिंकलात. खुनी डॉक्टरच आहे. शेवट मी बदलून आणला."

"बदलून म्हणजे?"

त्याने सगळं सांगितलं. चहावाला, कोट, कुत्रा, काही लपवलं नाही. मुलीने कपाळाला हात लावला.

"खरा शेवट आहे का?" काकूंनी विचारलं.

तो होता. आपलं काही पुसून टाकणं एडिटर लोकांच्या जिवावर येतं. काकू नॅपकिनमध्ये हात गुंडाळून खुर्चीच्या काठावर बसल्या. टोपी उडाली, डॉक्टरचा चेहरा आला आणि त्या टुणकन उठल्या. "बघा! सांगत नव्हते? नाडीच्या आधी घड्याळ!" आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

काका एडिटरकडे वळले. आवाज थंड होता. "माझ्या घरात लबाडी केलीत तुम्ही. भांडी तुम्ही घासायची."

"हो काका."

"आणि मी हरलोय, तेव्हा मीही येतो."

दोघे मोरीपाशी शेजारी शेजारी उभे राहिले. काकांनी नळ मोठा केला, बाहेर ऐकू जाऊ नये एवढा.

"भांड्यांना हात लावू देत नाही ती एरवी," ते हळूच म्हणाले. "तुमचे पाय सुजतात म्हणते. रविवारी बसून राहा म्हणते. दुसरा काही उपाय नाही. हरतो आपला."

"म्हणजे खुनी कोण ते तुम्हाला..."

"पहिल्या दहा मिनिटांत! तेच तर तुमच्या सिनेमांचं बरं असतं. खुनी कोण ते चटकन कळतं, मग माणूस निवांत चुकू शकतो. मध्ये एकदा पोरीच्या हट्टाखातर मोठा सिनेमा लावला. मुद्दाम चुकायला गेलो आणि नेमकं बरोबर येता येता राहिलं. आठवडाभर झोप नाही मला." त्यांनी ताटली खळखळून धुतली. "पुन्हा लावला नाही."

एडिटरला हसू आलं आणि डोळेही भरून आले. असल्या सिनेमांची त्याला आजवर लाज वाटत आली होती, ती कशासाठी, हेच त्याला आठवेना.

"अहो, ऐकता का?" बाहेरून काकूंचा आवाज आला. "पुढच्या रविवारपासून पैजेत तोही! मी एकटी तुम्हा दोघांना पुरून उरते की नाही बघाच!"

काकांनी नळ बंद केला. जरा विचार केला. मग घासलेली ताटली एडिटरच्या हातात देत हळू आवाजात म्हणाले, "अरे, ऐक."

इतके दिवस तुम्ही-तुम्ही म्हणणाऱ्या तोंडून ते 'अरे' आलं आणि एडिटरच्या हातून ताटली निसटता निसटता राहिली.

"गणवेशवाले सगळे माझे," काका म्हणाले. "तू आपला दुसरा कुणीतरी निरपराध बघून ठेव."