कबुतराच्या घराण्याचा इतिहास

मास्तरांच्या विज्ञानाच्या तासाला मुलं चौतीस वर्षं झोपली. या गुणाची कदर व्हायला मात्र निवृत्ती यावी लागली.

बायको नर्स. सध्या रात्रपाळी. सकाळी घरी आली की सुजलेले पाय उशीवर टाकून म्हणायची, "अहो, सुरू करा." मास्तर पडदे ओढून डायनासोर सुरू करत. तेवीस कोटी वर्षांपूर्वीचे, कुत्र्याएवढे, दोन पायांवर पळणारे. लांब मानेचे येईपर्यंत ती घोरू लागे.

आज लांब मानेचे येऊन, चरून, निघूनही गेले. तिचे डोळे उघडेच.

"काल इंजेक्शन भरलं आणि तशीच उभी राहिले," ती म्हणाली. "कोणत्या खाटेचं, आठवेना. कागद बघितला म्हणून निभावलं. आजही झोप नाही झाली, तर रात्री माझा भरवसा मलाच नाही."

मास्तरांनी आवाज आणखी सपाट केला. ही कला त्यांना उपजत होती. शिंगांचे आले, पिसांचे आले. पुढे आभाळातून दगड. तिथवर ते कधी पोचलेच नव्हते; शाळेत घंटा व्हायची, घरी घोरणं.

"मग? मेले सगळे?"

"सगळे नाही. पिसंवाल्यांची एक शाखा तगली. हे पक्षी."

खिडकीबाहेर एसीच्या पेटीवर कबूतर घुमलं. सकाळपासून घुमतच होतं.

"म्हणजे हा त्यांच्यातलाच?"

"थेट वंशज."

"तरीच. एवढा दगड पडूनही मेल्याला अक्कल आली नाही."

"हुसकावू?"

"परवा हुसकावलंत, तर बायकोला घेऊन आला."

मास्तर गॅलरीत गेले, दार अलगद लोटलं. कबुतराने मान तिरकी केली, शेवटच्या बाकावरच्या पोरासारखी. मास्तरांनी उचललेला हात खाली घेतला, स्टूल ओढलं आणि हळूच सुरू केलं, "तेवीस कोटी वर्षांपूर्वी तुझे पूर्वज कुत्र्याएवढे होते..."

लांब मानेचे आले तशी कबुतराने आपली मान पिसांत ओढली. घुमणं थांबलं. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून घोरणं आलं.

मास्तर थांबले नाहीत. आपण थांबलो की वर्ग जागा होतो, हा जुना अनुभव. दगड जवळ आला की ते मुकाट्याने पुन्हा तेवीस कोटींवर जात. घसा बसला, कंबर धरली. पण दुपारी चारपर्यंत त्यांनी दगड काही पडू दिला नाही.