पावडर न लागणारा चेहरा

मित्रांनो, खुर्ची म्हटलं की तुम्हाला मंत्री आठवत असतील. मी तसली नव्हे. माझ्यासाठी कुणी कधी भांडलं नाही. एका टीव्ही चॅनेलच्या मेकअपच्या खोलीत आयुष्य काढलेली, गोल फिरणारी जुनी खुर्ची मी.

कारखान्यातून आले तेव्हा काय रुबाब होता माझा! काळंभोर चकचकीत रेक्झिन, आणि खालची दांडी दाबली की माणूस अलगद वर. बातम्या सांगणारी ताई रोज संध्याकाळी माझ्यावर धपकन बसायची, चपला काढून पाय वर घ्यायची आणि डोळे मिटायची. मग मेकअपवाल्या मावशी स्पंज घेऊन पुढे यायच्या.

"मान सरळ ठेव गं, का भुवई कपाळावर काढू?"

बातम्या संपल्या की ताई पुन्हा माझ्याकडेच. ती कापसाने चेहरा पुसत असतानाच दूरगावी टीव्हीवर तिला पाहणाऱ्या तिच्या आईचा फोन यायचा. हात बरबटलेले, म्हणून ती तो स्पीकरवर ठेवायची.

"काय गं, डोळे किती ओढलेत! दुपारी जेवली नाहीस ना?"

मावशी कपाळावर हात मारायच्या. "एवढी लिंपालिंपी करते मी, तरी तुझ्या आईला सगळं दिसतं! एक दिवस माझी नोकरी घालवणार त्या."

नोकरी गेली, पण ती आईमुळे नाही. एकदा चॅनेलच्या साहेबांनी ताईला दिवसभर कॅमेऱ्यासमोर बसवलं. हसा, वळा, गंभीर व्हा, हे वाचा, ते वाचा. "तुमच्याच सोयीसाठी आहे. तुम्ही रजेवर गेलात तरी काम अडायला नको," असं म्हणाले. ताईने कागदावर सही केली. मावशींनी तर त्या दिवशी जीव ओतून मेकअप केला होता.

पुढे संगणकच तिचा चेहरा आणि तिचा आवाज घेऊन बातम्या सांगू लागला. त्या चेहऱ्याला ना घाम, ना सुरकुती. आधी मावशींना घरी पाठवलं, मग ताईला. जाताना मावशींनी मला ओल्या फडक्याने पुसलं. त्यानंतर मला कुणी हात लावला नाही.

खोलीत आता खोकी रचलीत. माझ्यावर वायरींची भेंडोळी पडलेली असतात. दिवस जाता जात नाही हो. फार एकटं वाटतं.

परवा संध्याकाळी ताई आली, राहिलेलं सामान न्यायला. भेंडोळी खाली ठेवून बसली. सवयच ती. बाहेरच्या टीव्हीवर तिच्याच आवाजातल्या बातम्या संपल्या आणि आईचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर ठेवला.

"किती टवटवीत दिसलीस आज! हल्ली रोजच छान दिसतेस. माझी काळजी मिटली बघ. आता रोज फोन करून तुला छळत नाही. दिसतेसच की!"

"हो आई, बरी आहे मी," ताई म्हणाली आणि फोन ठेवला. आरशात तिचे सुजलेले डोळे दिसत होते. त्या माउलीला मात्र ते दिसले नव्हते. माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. मग ताईने स्वतःहून फोन लावला.

"आई, ती मी नव्हते."

आईने हळूच विचारलं, "मग तू कुठे आहेस गं?"

ताईला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं तिने. आई एवढंच म्हणाली, "निघ आधी. ये इकडे." ताईने डोळे पुसले, पिशवी उचलली आणि ती गेली. जाताना दिवा बंद केला.

मित्रांनो, मला नवं रेक्झिन घाला, रंग द्या, असलं काही मी मागत नाही. कधी या खोलीवरून गेलात तर घटकाभर बसा. दमलेले असाल तसेच या. टवटवीत दिसणाऱ्यांचं माझ्याकडे काही कामच नाही.